चाकांची खुर्ची थांबते तेव्हा

काशीस जाऊन आलेल्या मनुष्यास त्या नगरीविषयी विचारले, तर तो बहुधा प्रथम पायऱ्यांचे वर्णन करील. गंगेच्या पश्चिम तीरावर ऐंशीहून अधिक घाट ओळीने उभे आहेत. नदीकडे जावयाचे म्हणजे उतरावयाचे आणि घरी परतावयाचे म्हणजे चढावयाचे, हा तेथील नित्यक्रम. ज्याचे पाय धड आहेत त्याला या चढउतारात पुण्य दिसते. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला त्यात केवळ अडसर दिसतो. अशा नगरीत विजेवर चालणारी चाकांची खुर्ची ही चैनीची वस्तू नव्हे. घराच्या उंबरठ्यापासून घाटाच्या माथ्यापर्यंत, दुसऱ्याच्या सवडीची वाट न पाहता, आपल्या मनास येईल तेव्हा जाता यावे, एवढेच ती देते. परंतु या ‘एवढ्याचे’ मोल ज्याला ते मिळालेले नाही त्यालाच ठाऊक असते.

ही खुर्ची बंद पडली म्हणजे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : खुर्ची थांबण्याचे कारण पुष्कळ वेळा लहान आणि शोधता येण्याजोगे असते, ते शोधण्याची विद्या अवघड नाही, आणि ही विद्या खुर्चीबरोबरच, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत, त्याच्या हाती दिली नाही तर ती खुर्ची अर्धीच दिली असे समजावे.

माझी एक वृद्ध आत्या वाराणसीत अस्सीच्या बाजूस राहते. तिची विजेची खुर्ची एका उन्हाळ्यात अडू लागली. घरातील सपाट फरशीवर ती नीट चाले. पण फाटकाबाहेरील लहानशा चढावर आली की दिवे मंद होत आणि खुर्ची जागीच थांबे. विक्रेत्याने दूरच्या शहरातून कळविले की खुर्ची संपूर्ण पाठवून द्यावी. ती पाठवावी कशी आणि तोपर्यंत आत्याने करावे काय, याचे उत्तर त्या पत्रात नव्हते. खुर्चीसोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत होती. आत्या जन्मभर शाळेत मराठी व हिंदी शिकवीत आलेली. ती मला म्हणाली, “खुर्ची बंद पडली हे मला दिसते रे. पण ती का बंद पडली, हे मला कोणी सांगत नाही.”

अकरा आठवडे ती खुर्ची ओसरीत उभी होती. शेवटी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका टोटोच्या मिस्त्रीने ती पाहिली. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाला तेथे टोटो म्हणतात. मिस्त्रीने मीटर लावून पाहिले, तो दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या. मग त्याने मीटर तसेच ठेवून आत्याला खुर्ची चढावर घ्यावयास सांगितले. त्याबरोबर नियंत्रकाशी मिळणारा दाब एकदम खाली आला. बॅटऱ्यांच्या अंगावरचा मात्र जवळजवळ तसाच राहिला. याचा अर्थ वीज वाटेत कोठेतरी अडत होती. एका टोकाची चक्री ढिली झाली होती आणि तिच्याभोवती पांढरट हिरवा थर साचला होता. जोडणी सोडवून, सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडी करून त्याने ती घट्ट आवळली. या सर्व कामास पाऊण तासही लागला नाही. अकरा आठवड्यांचे बंदिवान जीवन आणि पाऊण तासाचे काम यांतील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

खुर्चीची जन्मकथा

दुसऱ्या महायुद्धानंतर पाठीच्या कण्यास इजा झालेले अनेक सैनिक मायदेशी परतले. पूर्वीच्या युद्धांत असे सैनिक बहुधा जगत नसत. नव्या औषधांमुळे व सुधारलेल्या शुश्रूषेमुळे ते जगले. पण ज्यांचे हातही दुबळे झाले होते त्यांना साधी चाकांची खुर्ची ढकलता येईना. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी हा प्रश्न हाती घेतला. डाव्या व उजव्या चाकास वेगवेगळे चालविणारी योजना आणि एका लहान दांडीने सर्व हालचाल करण्याची सोय ही त्यांच्या खुर्चीची मुख्य वैशिष्ट्ये होती. आजच्या खुर्च्यांत ती दोन्ही टिकून आहेत. १९५५ साली या खुर्चीचा एक नमुना कॅनडाने अमेरिकेस भेट दिला. २००५ साली तो कॅनडातील संग्रहालयात परत आला.

आपल्या देशात कानपूर येथील भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम १९७२ साली स्थापन झाले. गरजू अपंग व्यक्तींना साधने पुरविण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू आहे. २२ जानेवारी २०१६ रोजी वाराणसीतच रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या मैदानावर साधनवाटपाचा एक मोठा समारंभ झाला होता. सांगण्याचे तात्पर्य हे की साधन देण्याची इच्छा आणि यंत्रणा आपल्याकडे आहे. उणीव आहे ती वाटपाच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे.

खुर्चीच्या पोटात

विजेच्या खुर्चीचे पाच भाग ध्यानात ठेवले म्हणजे पुरे : बॅटऱ्या, तारा व जोडण्या, नियंत्रक, दोन मोटरी आणि हाताखालची दांडी. या दांडीला जॉयस्टिक म्हणतात.

पुष्कळशा खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळवितात. या बॅटऱ्या बहुधा शिसे व गंधकाम्ल यांच्या असतात. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधलेल्या घटाचाच हा सुधारलेला वंश होय. अशा एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. बॅटरी वीज देऊ लागली म्हणजे तिच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते. भारण करताना ते पुन्हा विरघळून जाते. सर्व गुण व सर्व दोष या एका क्रियेत आहेत.

अशा बॅटरीत किती ऊर्जा मावते? ५० अँपिअर-तास क्षमतेच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, तर २४ गुणिले ५० म्हणजे १,२०० वॉट-तास होतात. घरच्या मीटरवरील सुमारे सव्वा युनिट! ज्या वाराणसीत ६,००० हून अधिक अश्वशक्तीची विजेची रेल्वे इंजिने बांधली जातात, तेथे एका मनुष्याचे हिंडणेफिरणे सुमारे सव्वा युनिट विजेवर अवलंबून असते.

मोटरीला लागून विजेचा ब्रेक असतो. त्याची रीत आपल्या कल्पनेच्या उलट आहे. वीज मिळाली म्हणजे तो सुटतो आणि वीज गेली म्हणजे तो आपोआप आवळला जातो. त्यामुळे उतारावर बॅटरी संपली तरी खुर्ची घरंगळत नाही. खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून चाके मोकळी करण्याचा एक खटका ठेवलेला असतो. हा खटका उतारावर कदापि सोडू नये. सोडला तर माणसासह खुर्ची खाली जाईल. घाटांच्या गावी हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे.

शोध कोठून सुरू करावा

वैद्य जसा आधी जीभ व नाडी पाहतो, तसा येथेही एक क्रम आहे. प्रथम विचारावे : कळ दाबल्यावर दिवा लागतो काय?

दिवा मुळीच लागत नसेल तर वीज नियंत्रकापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी फ्यूज किंवा आपोआप उडणारी कळ, तारांची मोठी जोडणी आणि बॅटरीची टोके पाहावीत. खुर्ची गाडीतून नेल्यानंतर किंवा साफसफाईनंतर ही जोडणी अर्धवट सुटल्याचे अनेकदा आढळते.

दिवा लागतो पण खुर्ची हलत नाही, अशी स्थिती असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. चाके मोकळी करण्याचा खटका सुटलेला नाही ना? चार्जर अजून जोडलेला नाही ना? चार्जर लागला असताना खुर्ची चालू नये अशी योजना मुद्दाम केलेली असते. आणि कळ दाबताना दांडीवर हात टेकलेला नव्हता ना? दांडी मध्यभागी नसेल तर नियंत्रक तो दोष समजून चाल रोखतो. हात काढून, कळ बंद करून पुन्हा लावली की पुष्कळदा काम भागते.

दिवा उघडझाप करीत असेल तर तो काहीतरी सांगत आहे असे समजावे. किती वेळा लुकलुकून तो थांबतो, हे मोजून लिहून ठेवावे. एवढ्या वेळा म्हणजे बॅटरी, एवढ्या वेळा म्हणजे डावी मोटर, अशी सूची खुर्चीच्या पुस्तिकेत असते. प्रत्येक बनावटीची सूची निराळी असल्यामुळे दुसऱ्याच्या सूचीवर विसंबू नये.

खुर्ची एका बाजूस ओढली जात असेल तर मोटरीस दोष देण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा सारखी आहे का, हे पाहावे. मग पुढच्या लहान चाकांत सूत, केस किंवा चिंधी गुंडाळली गेली आहे का, ते पाहावे. साडीचा वा धोतराचा दोरा तेथे नेहमी सापडतो. त्यानंतर राहिला तो एका बाजूचा ब्रेक किंवा मोटरीतील झिजलेले कार्बनचे ब्रश. पण ते काम मिस्त्रीचे.

सपाटीवर चालणारी आणि चढावर थांबणारी खुर्ची हे निराळे लक्षण आहे. चढावर मोटर कित्येक पट अधिक प्रवाह ओढते. बॅटरी म्हातारी झालेली असेल किंवा जोडणी ढिली असेल तर त्या क्षणी दाब कोसळतो व नियंत्रक खुर्ची थांबवितो. भारणानंतर काही तास विसावलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट असतो, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. परंतु स्वस्थ बसलेल्या मनुष्याची नाडी पाहून तो डोंगर चढेल की नाही हे सांगता येत नाही. दाब मोजावयाचा तो खुर्ची चालत असताना. भाराखाली एक बॅटरी स्थिर राहते आणि दुसरी १०.५ व्होल्टच्याही खाली जाते, तर ती दुसरी गेली असे समजावे. मात्र बदलताना दोन्ही एकदम बदलाव्यात. जुनी व नवी बॅटरी एका जोडीत नीट नांदत नाहीत. जुनी नवीचे आयुष्य खाते.

पावसाळ्यात दांडी विचित्र वागू लागली तर तिच्या मुळाशी असलेले रबराचे आवरण फाटले आहे का, हे पाहावे. तेथून पाणी आत शिरते. मेणकापडाची साधी पिशवी दांडीवर बांधली तर पुढील मोठा खर्च वाचतो.

बॅटरीविषयीचे गैरसमज

बॅटरी पूर्णपणे रिकामी होऊ द्यावी आणि मगच ती भरावी, असा उपदेश अनेक घरांत ऐकू येतो. निराळ्या धातूंच्या, म्हणजे निकेल व कॅडमियमच्या बॅटऱ्यांविषयीची ती समजूत शिशाच्या बॅटरीस लावणे घातक आहे. शिशाची बॅटरी जितकी खोल रिकामी होईल आणि जितका काळ तशीच पडून राहील, तितके सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात व पुन्हा विरघळेनासे होतात. म्हणून खुर्ची वापरली त्या रात्री ती भारणास लावावी आणि सकाळपर्यंत लावूनच ठेवावी. मध्येच वीज गेली तर पुन्हा आल्यावर भारण सुरू झाले आहे, हे चार्जरच्या दिव्यावरून पाहावे. खुर्ची आठवडेच्या आठवडे पडून राहणार असेल तरी ती अधूनमधून भरीत जावे. आजारी मनुष्य रुग्णालयातून परतल्यावर खुर्ची मेलेली आढळते, ती याच कारणाने. फारच रिकामी झालेली बॅटरी पुष्कळ चार्जर ओळखतच नाहीत, मग चार्जरच बिघडला असा समज होतो.

दुसरा शत्रू उष्णता. वाराणसीचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. खुर्ची पत्र्याखाली किंवा उन्हात उभी करण्याऐवजी आत सावलीत उभी केली, तर विनाखर्च आयुष्य वाढते.

तिसरी चूक काटकसरीपोटी होते. मोटारगाडीची बॅटरी आकाराने बसते म्हणून ती खुर्चीस लावतात. गाडीच्या बॅटरीचे काम क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन सुरू करणे. खुर्चीच्या बॅटरीचे काम तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देणे. पहिलीला दुसरीचे काम दिले तर ती लवकरच निकामी होते.

अलीकडे लिथियमच्या हलक्या बॅटऱ्याही खुर्च्यांत आल्या आहेत. त्यांना शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नये. आणि फुगलेली किंवा आपटलेली लिथियम बॅटरी भारणास मुळीच लावू नये, कारण ती पेट घेऊ शकते.

विद्या कोणाची?

येथे कोणी म्हणेल की विजेचे काम तज्ज्ञानेच करावे. सामान्य माणसाच्या हाती ही विद्या दिली तर अपघात होतील. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. बॅटरीच्या दोन टोकांना पान्हा एकदम टेकला तर ठिणगी उडून हात भाजतो. भारण होताना ज्वालाग्राही वायू सुटू शकतो, म्हणून खोलीत हवा खेळती हवी व जवळ विस्तव नसावा. नियंत्रकाची वा चार्जरची पेटी घरी उघडू नये. बंद बॅटरी फोडून तीत पाणी घालू नये.

परंतु धोका कोठे आहे हे सांगणे हादेखील ज्ञानाचाच भाग आहे. अज्ञान सुरक्षित असते असे नाही. ज्याला ब्रेकची उलटी रीत ठाऊक नाही तोच उतारावर खटका सोडतो. ज्याला बॅटरीचा स्वभाव ठाऊक नाही तोच ती वर्षभरात मारून टाकतो. स्वयंपाकघरातील गॅसच्या शेगडीचा धोका आपण गृहिणीपासून लपवून ठेवला नाही; तो तिला शिकविला. खुर्चीचा न्याय निराळा का असावा?

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने २००७ साली मान्यता दिली. त्याचे विसावे कलम व्यक्तिगत हालचालींविषयी आहे. परवडणाऱ्या किमतीत साधने मिळावीत एवढ्यावरच ते थांबत नाही; अपंग व्यक्तींना व त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना शिक्षण द्यावे, असेही ते सांगते. आपण पहिल्या भागाचे समारंभ करतो आणि दुसरा भाग पुस्तिकेच्या बारीक अक्षरांवर सोपवितो.

मला सुचतात ते उपाय खर्चाचे नाहीत. पहिला, प्रत्येक खुर्चीबरोबर वापरणाऱ्याच्या भाषेत एक मोठ्या अक्षरांचे पान द्यावे. दिव्याच्या उघडझापीची सूची, शोधाचा क्रम आणि काय करू नये, एवढे त्यावर असले म्हणजे झाले. भाषांतराचे काम करणारा म्हणून मी सांगतो की हे काम एका आठवड्याचे आहे. दुसरा, खुर्ची देते वेळी अर्धा तास तिच्या मालकाकडूनच खटका, कळ, फ्यूज व चार्जर हाताळून घ्यावेत. तिसरा, टोटोच्या मिस्त्रींना जोडून घ्यावे. बॅटरीच्या रिक्षांना २०१५ च्या कायद्याने मान्यता मिळाल्यापासून १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्यांची जोडणी करणारे व भाराखाली त्यांची परीक्षा घेणारे हात गावोगावी तयार झाले आहेत. खुर्चीत त्याच जातीच्या दोन बॅटऱ्या असतात. या मिस्त्रींना ब्रेक व नियंत्रक यांचे चार दिवसांचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दिले, तर दुरुस्ती गल्लीच्या तोंडाशी येईल. चौथा, खुर्ची दुरुस्तीस गेली असता वापरावयास दुसरी मिळावी. चष्मा दुरुस्तीस दिला तर जुना चष्मा कामी येतो. पायांचे तसे नाही.

शाळांनी व ग्रंथालयांनीही यात भाग घ्यावा अशी माझी विनंती आहे. शाळेत घटाचा पाठ असतोच. एक साधे मीटर, एक भरलेली आणि एक थकलेली बॅटरी व एक दिवा एवढ्या सामग्रीवर शिक्षकास दाखविता येईल की विसावलेल्या बॅटरीचा दाब फसवा असतो आणि भाराखालचा दाब खरा. हा प्रयोग ज्या मुलाने केला, तो पुढे शेजारच्या आजोबांची खुर्ची अडलेली पाहील तेव्हा नुसती हळहळ व्यक्त करणार नाही; टोकांवर थर साचला आहे काय, हे तो वाकून पाहील. आणि ग्रंथालयात असे एक पान फलकावर लागले, तर ते वाचण्यासाठी खुर्चीवरचा माणूस आत येऊ शकतो की नाही, हेही ग्रंथपालास पाहावे लागेल.

आत्याने ते पान स्वतःच केले. मिस्त्रीने सांगितलेला क्रम तिने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिला, त्याखाली त्याच्यासाठी हिंदीत लिहिला, आणि तो कागद खुर्चीच्या पाठीस शिवलेल्या पिशवीत ठेवला. मागील पावसाळ्यात खुर्ची पुन्हा एकदा थांबली. तिने दिव्याची उघडझाप मोजली, सूचीत पाहिली आणि मिस्त्रीला निरोप धाडला की उजव्या मोटरीची जोडणी पाहण्यास ये. संध्याकाळी ती घाटाच्या माथ्यावर होती.